रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत करायची तर कशी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात आणि दर जोडून आलेल्या सुट्टीनंतर मला तेच तेच मेसेज येतात. दादा, घाटात एक फॅमिली गाडी बंद पडून उभी होती, थांबायला पाहिजे होतं का, थांबलो असतो तर नक्की काय करायचं असतं? मी पंधरा वर्षं पुणे-कऱ्हाड येऊनजाऊन आहे, मामाचं हायवेला गॅरेज होतं त्यामुळे लहानपणापासून रस्त्यात अडकलेली माणसं बघितलीयेत, तेवढंच माझं क्वालिफिकेशन. एकेकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

१. कोणी गाडी बंद पडून उभा दिसला तर थांबायलाच पाहिजे का? नाही थांबलो तर वाईट वाटतं.

वाईट वाटून घेऊ नका, फोन करणं ही पण मदतच आहे. थांबायचं की नाही हे मी जागा बघून ठरवतो. माझी गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर घेता येतीये का, मागून येणाऱ्याला मी लांबून दिसणार आहे का, आणि माझ्यासोबत कोण आहे. मागे दोन लहान पोरं झोपलीयेत आणि वळणावर अंधारात थांबायचंय, तर मी थांबत नाही. पुढे ढाबा किंवा पेट्रोल पंप येईल तिथे थांबून फोन लावतो. दिवसाढवळ्या, सरळ रस्ता, शेजारी चांगली रुंद साईडपट्टी असेल तर थांबतो. बंद पडलेली गाडी सहसा कुणाला काही करत नाही हो, जे काय व्हायचं ते मागून ऐंशी-शंभरने येणाऱ्या गाडीमुळे होतं, आणि तुम्ही थांबलात की तिला धडकायला एकाऐवजी दोन गाड्या मिळतात. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीवर फिरतं.

२. फोन कुणाला करायचा आणि काय सांगायचं?

कुठेही असलात तरी ११२ लागतो. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३, ती हायवे प्राधिकरणाची हेल्पलाईन आहे, त्यांची पेट्रोलिंगची गाडी आणि क्रेन असते. कोण जखमी असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स, तिला पैसे लागत नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी हे एमएसआरडीसीचे (राज्य रस्ते विकास महामंडळाचे) रस्ते, त्यांचे हेल्पलाईन नंबर टोलनाक्यावर आणि रस्त्याकडेच्या बोर्डांवर लिहिलेले असतात, निघतानाच सेव्ह करा, अडचणीत बोर्ड सापडत नाही.

काय सांगायचं हे जास्त महत्त्वाचं. “साताऱ्याच्या अलीकडे” असं सांगून काहीच कळत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड बघा (डोक्यावर पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर स्टेट), त्यावरचा आकडा सांगा आणि कुठल्या बाजूची लेन ते सांगा, म्हणजे “पुण्याकडे जाणारी”. मध्ये डिव्हायडर असला की चुकीच्या बाजूला पाठवलेली गाडी दहा-पंधरा किलोमीटर वळसा घालून येते.

३. थांबलो तर माझी गाडी त्यांच्या पुढे लावू की मागे?

यावर लोक भांडतात. माझं मत, तुम्ही साधे प्रवासी असाल तर पुढे, वीस-तीस मीटर लांब, पूर्ण डाव्या बाजूला. पोलीस किंवा पेट्रोलिंगवाले मागे लावतात कारण त्यांच्या गाडीवर फिरता दिवा असतो आणि लांबून दिसते, आपल्या हॅचबॅकवर काय असतं? मागे लावलीत आणि कुणी ठोकली तर तुमची गाडी त्यांच्या अंगावर जाणार. अपवाद एकच, गाडी वळणाच्या लगेच पुढे बंद पडली असेल आणि धोक्याचा लाल त्रिकोण ठेवायलाही कुणी नसेल तर वळणाच्या अलीकडे जिथे लांबून दिसेल तिथे साईडला हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून उभं राहायचं आणि गाडीत बसायचं नाही. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तर कधीच उभं राहू नका, बॉनेट उघडून वाकलेला माणूस मागून धक्का बसला की पुढच्या गाडीत चिरडतो.

उतरताना डाव्या दाराने उतरा. ड्रायव्हरला पलीकडे सरकावं लागतं, अवघड वाटतं, पण सरका.

४. तो लाल त्रिकोण किती लांब ठेवायचा? सगळे गाडीच्या मागेच चार पावलांवर ठेवतात.

चार पावलांवर ठेवलेला त्रिकोण म्हणजे नुसती समजूत. हिशोब करा. ताशी १०० ने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तिथेच ४२ मीटर गेले, आणि मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून पन्नास-साठ. म्हणजे शंभर मीटर तर असेच गेले, पावसात आणि भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. त्यामुळे साध्या रस्त्यावर निदान ५० मीटर, चौपदरीवर १०० ते १५० मीटर मागे. शंभर मीटर म्हणजे साधारण एकशेतीस-चाळीस पावलं. वळण किंवा चढाचा माथा असेल तर मीटर मोजू नका, त्या वळणाच्या अलीकडे ठेवा.

ठेवायला जाताना त्रिकोण घडी करून काखेत मारून जाऊ नका, उघडा करून छातीसमोर धरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला, आणि कठड्याच्या पलीकडून चालता येत असेल तर पलीकडून. साईडपट्टीच नसेल आणि गाड्या कानाजवळून जात असतील तर त्रिकोणाचा नाद सोडा, हझार्ड चालू ठेवा आणि बाजूला व्हा.

५. त्रिकोण नाही. ट्रकवाले दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात तसं चालेल का?

फांद्या चालतील, दगड नको. हिरवी फांदी रस्त्यात पडलेली दिसली की आपल्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर समजतो की पुढे काहीतरी उभंय, ही भाषा सगळ्यांना येते. आणि एखाद्याने फांदीवरून घातलीच तरी काही होत नाही. दगडाचं तसं नाही. ट्रकवाला पंक्चर काढतो, जॅक काढतो, निघून जातो, दगड तिथेच. दोन वर्षांपूर्वी सुरूरच्या पुढे रात्री साडेअकराला मी असाच एक दगड चाकाखाली घेतला, नारळाएवढा होता, चुना फासलेला. पुढचा टायर फुटला, अलॉय वाकलं, आणि मजा म्हणजे मग मी स्वतःच त्रिकोण लावून तिथे उभा. ज्याने ठेवला त्याने चुना लावायचे कष्ट घेतले, उचलायचे नाही घेतले.

तर निघताना जे ठेवलंय ते सगळं उचला. फांद्या पण, चाकाखालचे दगड पण.

६. त्यांच्या घरातली माणसं गाडीत बसलेली बरी की बाहेर?

बाहेर, कठड्याच्या पलीकडे आणि गाडीपासून लांब. लांब म्हणजे गाडीच्या पुढे नाही, ज्या बाजूने ट्रॅफिक येतोय त्या बाजूला थोडं मागे, कारण धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. पाऊस असेल, आजी असेल, तान्हं बाळ असेल तर लोक ऐकत नाहीत, “अहो बसू द्या ना आत”. तेव्हा मी छत्री देतो, माझ्या गाडीतली चटई देतो, पण बाहेर काढतो. कठडा नसेल, एका बाजूला दरी आणि एका बाजूला भिंत असेल तर मग मागच्या सीटपेक्षा चालत पुढे मोकळ्या जागेपर्यंत जाणं बरं. अगदीच हलता येत नसेल तर बेल्ट लावून बसवा. पोरं आणि कुत्री यांना हाताला धरायला एक माणूस वेगळा ठेवा.

७. घाटात गाडी गरम होऊन बंद पडलेली असते, वाफ येत असते. पाणी ओतायला मदत करू का?

खंबाटकीत सुट्टीच्या शनिवारी सकाळी जा, पुण्याकडून साताऱ्याकडे चढताना डाव्या बाजूला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच असते. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत तासभर सरकल्यावर दुसरं काय होणार. अशा वेळी पाण्याची बाटली घेऊन धावणारे उत्साही लोक सगळ्यात जास्त भाजतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं की आतलं उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. वरचा जाड पाईप फडक्याने दाबून बघा, टणक लागत असेल तर आत अजून प्रेशर आहे. मऊ पडला की जाड फडकं ठेवून झाकण थोडं फिरवा, फुस्स संपू द्या, मग उघडा, आणि पाणी हळूहळू घाला.

आणि हो, चढावर उभ्या गाडीच्या चाकामागे दगड लावल्याशिवाय मागे कुणी उभं राहायचं नाही, हँडब्रेक लावलाय असं ड्रायव्हर म्हणाला तरी. हे दगड निघताना उचलायचे (प्रश्न ५).

८. स्टेपनी बदलायला हात लावू का? रस्त्याच्या बाजूचं चाक असेल तर?

डाव्या बाजूचं चाक असेल तर खुशाल. रस्त्याच्या बाजूचं उजवं चाक असेल आणि गाडी अजून डावीकडे घेता येत नसेल तर बदलू नका, क्रेन बोलवा, नाहीतर पंक्चर टायरवरच अगदी हळू पुढे घेत मोकळ्या जागेत न्या. टायर आणि रिम खराब होईल, होऊ दे. पाच-सात हजारांच्या टायरसाठी पाठ रस्त्याकडे करून बसायचं नसतं. नट आधी चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मग जॅक. जॅक मऊ मातीवर लावला तर खाली फळी किंवा सपाट दगड हवा, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं म्हणजे जॅक सटकला तरी गाडी चाकावर बसते, कुणाच्या हातावर नाही. ही मामाची शिकवण, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बघून आम्हाला पटकन पटायची.

९. बॅटरी उतरलीये, माझ्या गाडीवरून जंप स्टार्ट देऊ का?

केबल चांगली जाड असेल आणि दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असतील तर द्या. क्रम हा: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलटं. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो, म्हणून ती बॅटरीजवळ करायची नाही. सिगारेट बाजूला.

ट्रकवाला प्रेमाने म्हणेल “लाव की माझ्यावरनं”, तर नाही म्हणा, मोठ्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते, कारचं इलेक्ट्रॉनिक्स जळून जाईल. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तरी नको.

१०. दोर बांधून टोचन करून जवळच्या गॅरेजपर्यंत नेलं तर?

गावातल्या रस्त्यावर, सपाटीला, किलोमीटर-दोन किलोमीटर ठीक. हायवेवर आणि घाटात नाही. इंजिन बंद असलं की मागच्या गाडीचा ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं, हे मागच्या ड्रायव्हरला कुणी सांगितलेलंच नसतं. किल्ली चालूवर ठेवायची, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक होतं. दोर बंपरला नाही, टोचनच्या हुकलाच. दोर ताणला जात असताना जवळ कुणी उभं राहायचं नाही, तुटला तर चाबकासारखा येतो. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायच्याच नाहीत, गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते, त्यांना सपाट पाट्याचीच क्रेन लागते.

११. आणि बाईकला पाय लावून नेणं?

सगळे करतात, मी पण केलंय, कॉलेजला असताना रोज कुणा ना कुणाचं पेट्रोल संपायचं. गल्लीत, पंप समोर दिसतोय तोपर्यंत ठीक. मोठ्या रस्त्यावर दोन बाईक मिळून एका कारएवढी जागा खातात आणि एकालाही नीट ब्रेक मारता येत नाही. त्यापेक्षा बाटलीत पेट्रोल आणून द्या, पंपवाला बाटलीत देत नसेल तर स्वतःच्या टाकीतून पाईपने काढून द्या. तोंडाने ओढू नका, घशात गेलं तर वेगळं प्रकरण.

१२. एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर पण हेच सगळं लागू का?

नाही. तिथे मी म्हणेन थांबूच नका, फोन करा (प्रश्न २). मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा आणि समृद्धी ७०१ किलोमीटरचा, समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, आणि रस्ता सरळसोट असल्यामुळे मागचा ड्रायव्हर अर्ध्या झोपेत असण्याची शक्यता मोठी. लांबून बघितलं की उभी गाडी चालतीये की थांबलीये हेच कळत नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. माणूस जखमी आहे, गाडीतून धूर येतोय, किंवा गाडी मधल्या लेनमध्येच मेलीये, अशा वेळी थांबायची वेळ आली तर पूर्ण शोल्डरवर (साईडपट्टीवर), बरीच पुढे, आणि लगेच कठड्याच्या पलीकडे. तीन लेन पळत ओलांडून गाडी ढकलायला कुणी जाऊ नका.

१३. पुलावर किंवा ओढ्यात पाण्यात कोण अडकलंय, आत जाऊन ढकलू का?

पाणी वाहतं असेल तर आत जायचं नाही, विषय संपला. गुडघ्याएवढं वाहतं पाणी माणसाला पाडतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की कार तरंगायला लागते. दोर फेका, आतल्यांना काच खाली करून टपावर यायला सांगा, ११२ लावा, आणि तुमची गाडी आडवी लावून मागच्यांना थांबवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पडला तेव्हा दोन एसट्या त्यात गेल्या, अंधारात पुढे पूलच नाही हे येणाऱ्याला दिसत नव्हतं. अशा रात्री मागच्या गाड्या अडवणारा माणूस सगळ्यात मोठं काम करतो.

पाणी साचलेलं असेल, वाहत नसेल, तर ढकलून बाहेर काढा पण सेल्फ मारू देऊ नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्ट केलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

१४. रात्री थांबलो आणि लुटणारे निघाले तर?

ही भीती खोटी नाही, तिला लाजू नका. काच बोटभर खाली, दारं लॉक, इंजिन चालू, “काय झालं, मी फोन करतो, थांबा” एवढं बोललं तरी मदत होते. खरोखर अडकलेला माणूस म्हणतो करा फोन. जो म्हणतो फोन नको, तुम्ही खाली या, तिथून निघायचं. बोनेटखालून काहीतरी गळतंय असा इशारा करणारे, काचेवर अंडं फेकणारे, यांना उत्तर एकच, वायपर न लावता उजेडात जाईपर्यंत चालवत राहायचं.

१५. मी बाई आहे, एकटी गाडी चालवते. किंवा अडकलेली बाई एकटी आहे. मग?

पहिल्यासाठी प्रश्न १४ मधलंच, फक्त खाली उतरायचंच नाही, फोन करून तिथून निघा, याला कुणी कमीपणा म्हणत असेल तर म्हणू दे. दुसऱ्यासाठी पुरुषांना सांगतो: तिच्या दाराशी जाऊन काचेवर टकटक करू नका. चार-पाच मीटर लांब, हेडलाईटच्या उजेडात उभे राहा, “ताई, मी ११२ लावलाय, मी तिकडे माझ्या गाडीपाशी थांबतो” असं सांगा आणि खरंच तिथे थांबा. सोबत बायको, बहीण असेल तर तिला बोलू द्या. ताई म्हणाली नको, तर नको.

१६. अपघात असेल तर पोलिसांचं लफडं मागे लागत नाही ना?

आता नाही. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मनावर, हॉस्पिटल तुम्हाला पैसे मागू शकत नाही की अडवून ठेवू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात हॉस्पिटलला पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये मिळतात, आधी ५,००० होते. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची सोय आहे, हॉस्पिटलच्या काउंटरवर कुणी “आधी डिपॉझिट” म्हणालं तर याची आठवण करून द्या.

१७. मग जंप स्टार्ट देताना त्याची गाडी जळाली तर १३४ अ मला वाचवेल का?

हा प्रश्न एका वकिलानेच विचारला होता! ते कलम अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे, नुसत्या बंद पडलेल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नाही. तसंच अपघातात तुमचीच गाडी असेल तर तुम्ही मदतनीस नाही, तुमच्यावर ड्रायव्हर म्हणून वेगळी जबाबदारी येते. त्यामुळे दुरुस्तीत मी एक पथ्य पाळतो, मालक समोर उभा असताना आणि तो “करा” म्हणाल्यावरच हात लावतो, आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगतो.

१८. जखमीला गाडीतून बाहेर काढू का? हेल्मेट काढू का?

आग लागली असेल किंवा मागून गाड्या येऊन धडकतील अशी जागा असेल तरच हलवा. नाहीतर मान जशी आहे तशी दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि बोलत राहा. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका. पाणी पाजू नका, आपल्याकडे पहिली बाटली तीच पुढे येते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

१९. टँकर उलटलाय, लोक बादल्या घेऊन जमलेत. जवळ जाऊन ड्रायव्हरला बघू का?

वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब थांबा, फोन करा. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे गावाच्या पुलावर एक्सप्रेसवेवर केमिकलचा टँकर उलटून पेटला, जळतं केमिकल पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून बाईकवर चाललेले पण गेले. त्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता. सीएनजी किंवा गॅसचा वास आला तर मोबाईल पण लांब जाऊन लावा, गाडी चालू-बंद करू नका.

२०. डिकीत काय ठेवू?

चकाकणारं जॅकेट सगळ्यात आधी, दोन-तीनशे रुपयांना मिळतं आणि सीटखाली ठेवा, डिकीत नाही, कारण ते घालून उतरायचं असतं. मग त्रिकोण, डोक्याला बांधायची टॉर्च, जाड जंपर केबल, दोन फळ्या, पाच लिटर पाणी, हातमोजे. काळा टीशर्ट घालून रात्री रस्त्यावर मदत करणारा माणूस दिसतच नाही.

२१. मदत केल्यावर पैसे देऊ केले तर घ्यायचे का?

मी घेत नाही, पण पेट्रोल दिलं असेल तर त्याचे घेतो. एकदा लोणंदकडच्या एका टेम्पोवाल्याने ऐकलंच नाही, पान्हा परत देताना डिकीत गपचूप कांद्याचं अर्धं पोतं टाकलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली टायर बदलायला गेला होतास की बाजारला.